पावसाळ्यात सिलिका जेल दोन दिवसात गुलाबी होतंय? आधी पाणी कुठून येतंय ते शोधा

जून संपत आला की ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या लॅबमधून एकच तक्रार ऐकू येते, मग रबाळे असो, महापे असो, तुर्भे असो नाहीतर इकडे वागळे इस्टेट, की सिलिका जेल (हवेतली ओल शोषणारे दाणे, कोरडे असताना निळे, ओले झाले की गुलाबी) टिकतच नाही, काल ओव्हनमधून निळंशार काढलं आणि आज बघतो तर डेसिकेटरच्या (वस्तू कोरड्या ठेवायच्या घट्ट झाकणाच्या भांड्याच्या) तळाला गुलाबी दिसतंय. मग जेल खराब आलं म्हणून पर्चेसला सांगून नवीन डबा मागवला जातो, तोही चार दिवसात गुलाबी होतो, आणि शेवटी कोणीतरी म्हणतं पावसाळाच आहे, चालायचंच. मला हे चालायचंच पटत नाही. झाकण नीट बसलेलं असेल तर आतल्या जेलला बाहेर पाऊस आहे की ऊन हे कळायचं काही कारणच नाही. कळत असेल तर पाण्याला आत यायला कुठेतरी वाट मिळालीय, ती शोधायची, जेल बदलून काही होणार नाही.

आधी एक हिशोब करून बघा, त्यातच निम्मं उत्तर आहे. ३० डिग्री सेल्सिअसला पूर्ण दमट हवेत घनमीटरमागे साधारण ३० ग्रॅम पाण्याची वाफ असते, आपल्याकडच्या जुलैतली ह्युमिडिटी ८५ टक्के धरली तर ती झाली २६ ग्रॅमच्या आसपास. डेसिकेटर ५ लिटरचा धरू. झाकण एकदा उघडलं आणि आतली सगळी हवा बदलली असं मानलं (खरं तर सगळी बदलत नाही) तरी आत आलं जेमतेम ०.१३ ग्रॅम पाणी. आता खाली ३०० ग्रॅम जेल आहे, आणि नेहमीचं बारीक छिद्रांचं चांगलं जेल आतली ह्युमिडिटी २० टक्क्यांच्या खाली ठेवून स्वतःच्या वजनाच्या ८ ते १० टक्के पाणी घेतं, म्हणजे २४ ते ३० ग्रॅम. भागाकार करा, जवळपास दोनशे वेळा झाकण उघडावं लागेल तेव्हा कुठे ते जेल गुलाबीकडे झुकेल. दिवसाला वीस वेळा उघडलंत तरी दहा दिवस जातात.

तेव्हा दोन दिवसात गुलाबी झालं असेल तर "सारखं उघड-बंद होतं ना मॅडम" हे कारण बसत नाही. पंचवीस ग्रॅम पाणी दुसरीकडून आलंय. नाहीतर मग ते आधीपासून जेलमध्येच होतं, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळा हेच निघतं.

म्हणजे जेल रीजनरेट (तापवून पुन्हा कोरडं) झालंय असं आपण समजतो, पण झालेलं नसतं. नेहमीचं चित्र असं की संध्याकाळी निघताना गुलाबी जेल ५०० मिलीच्या बीकरमध्ये गळ्यापर्यंत भरायचं, ओव्हन १०५ ला लावलेला असतोच कारण त्यात एलओडीचे (लॉस ऑन ड्राइंग, वाळवल्यावर वजन किती घटतं त्या चाचणीचे) सॅम्पल असतात, त्यातच कोपऱ्यात बीकर ठेवायचा, सकाळी वरून बघायचं, निळं दिसलं की झालं. एकदा तो बीकर ट्रेमध्ये पालथा करून बघा. वरचा थर निळा, कडेला काचेला लागलेले दाणे निळे, आणि मधला गाभा जांभळट, कधी कधी चक्क फिकट गुलाबी. मग हे सगळं एकत्र डेसिकेटरमध्ये ओतलं की आतल्या ओल्या दाण्यांतलं पाणी वरच्या कोरड्या दाण्यांत वाटलं जातं आणि दुसऱ्या दिवशी सगळंच मळकट जांभळं दिसतं. बाहेरून एक थेंब आलेला नसतो.

शिवाय एलओडीचे सॅम्पल आणि ओलं जेल एका ओव्हनमध्ये ठेवूच नका, जेलमधून निघणारी वाफ त्याच हवेत जाते जिच्यात तुमचं सॅम्पल वाळायचंय.

बरोबर पद्धत तशी सोपी आहे. पसरट स्टीलचा नाहीतर पोर्सिलेनचा ट्रे, थर दोन-तीन सेंटिमीटरच्या वर नको, ओव्हन १२० ला, तासाभराने एकदा चमच्याने खालवर करायचं. तीन-चार तासात बहुतेक वेळा होतं, पण घड्याळावर विश्वास ठेवू नका, वजनावर ठेवा. ट्रेचं रिकामं वजन लिहून ठेवा, दर तासाला वजन घ्या, आणि लागोपाठच्या दोन वजनात फरक राहिला नाही की थांबा. टॉप लोडिंग बॅलन्स पुरतो त्याला, पण गरम ट्रे थेट पॅनवर ठेवू नका, खाली जाडसर उष्णतारोधक काहीतरी घ्या आणि ते आधी टेअर करा (त्याचं वजन शून्य धरा).

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही ती ओव्हनच्या व्हेंटची (वाफ बाहेर जायच्या भोकाची). वर किंवा मागे एक फिरकीचं झाकण असतं, ते बंद असतं, कारण कधीतरी कोणीतरी तापमान लवकर चढावं म्हणून बंद केलं आणि नंतर कोणी हात लावला नाही. समजा किलोभर भिजलेलं जेल लावलं आणि त्यातून २०० ग्रॅम पाणी निघायचंय. १२० डिग्रीला त्याची वाफ होते साडेतीनशे लिटरच्या वर, आणि आपला ओव्हन असतो पन्नास, फार तर शंभर लिटरचा. व्हेंट बंद असेल तर आतली हवा ढकलली जाऊन आत कुकरसारखी नुसती वाफच भरते, आणि निव्वळ वाफेत १२० डिग्रीला सापेक्ष आर्द्रता निघते ५० टक्क्यांच्या आसपास. तापमान १२० दिसतंय पण जेलसाठी ती बऱ्यापैकी दमट खोली आहे, ते पाणी सोडायला तयार होत नाही. व्हेंट उघडा की बाहेरची हवा खेळते, आणि ती हवा कितीही दमट असू दे, तुमच्या त्या ८५ टक्क्यांच्या जुलैतल्या हवेला १२० पर्यंत तापवलं की तिची आर्द्रता २ टक्क्यांच्या खाली येते. "पावसाळ्यात ओव्हनमधली हवा पण ओलीच की" असं म्हणणाऱ्यांना हा आकडा सांगा. ओव्हनमध्ये पावसाळ्याचा काही त्रास नाही, त्रास आहे तो ओव्हनमधून बाहेर काढल्यावर.

कारण ट्रे बाहेर काढून "थंड होऊ दे" म्हणून टेबलावर उघडा ठेवला, वर पंखा, मध्ये चहा, कोणाचा तरी फोन, की त्या पातळ थरात पसरलेल्या एकदम कोरड्या जेलला पाणी ओढायला याहून चांगली सोय नाही. एका ग्रॅम जेलचा आतला पृष्ठभाग सहाशे-सातशे चौरस मीटर असतो, ते कोणाची वाट बघत नाही. ट्रे काढला की दोन-चार मिनिटं, हाताळता येईल एवढाच निवू द्या, आणि कोमट असतानाच रुंद तोंडाच्या, कोरड्या, घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत भरा. फार गरम भरून लगेच करकचून बंद केलं तर थंड झाल्यावर आत व्हॅक्यूम होतो आणि झाकण सुटत नाही, म्हणून आधी नुसतं टेकवा, थोड्या वेळाने आवळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायची पद्धत काही ठिकाणी बघितलीय, ती बंद करा, पिशवीतून ओल जातेच.

आमच्याकडे लॅबमधले मामा हे काम बघतात आणि त्यांनी एक छान सवय लावून घेतलीय, प्रत्येक डेसिकेटरवर मार्करने कोरड्या जेलचं वजन आणि तारीख लिहिलेली असते. सोमवारी सकाळी तळाची डिश काढून वजन करायचं, ३०० चं ३२५ झालं की ओव्हनला. रंग बघायची वेळच येत नाही. मला ही पद्धत इतकी आवडते की नवीन ट्रेनी आला की त्याला पहिल्यांदा मामांकडेच पाठवते.

आता जेल खरंच कोरडं होतं, वजनाने खात्री केली होती, तरी दोन दिवसात वजन वीस ग्रॅमने वाढलं, तर मग झाकण बघा. काचेच्या डेसिकेटरचा घासलेला काठ आणि त्यावर लावलेलं ग्रीस. ग्रीस पातळ आणि एकसारखं असेल तर झाकण फिरवल्यावर तो काठ वरून बघताना पारदर्शक दिसतो, आतपर्यंत काच एकच असल्यासारखी. जिथे पांढुरकी रेघ किंवा ढगाळ पट्टा दिसेल तिथे हवा आहे, आणि ती रेघ आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत सलग गेली असेल तर तीच तुमची वाट. बहुतेक वेळा तिथे जेलचा एखादा चुरा झालेला कण अडकलेला असतो, किंवा टिश्यूचा धागा. जुन्या ग्रीसवर नवीन थापून काही होत नाही, सगळं पुसून काढा, सॉल्व्हंटने काठ स्वच्छ करा, पूर्ण वाळू द्या, मग बोटाने अगदी पातळ थर. काठाला टवका गेलेला असेल तर मात्र ग्रीसने भागत नाही, तो डेसिकेटर बाजूला काढा. व्हॅक्यूमवाला असेल तर नळी आणि त्याची फिरकीपण बघा, ती अर्धवट उघडी राहिलेली असते आणि कोणाचं लक्ष नसतं.

खात्री करायची असेल तर शनिवार-रविवारचा उपयोग करा. मुख्य जेल काढून घ्या, आत काहीही सॅम्पल नको, एका पेट्री डिशमध्ये नुसतं ५० ग्रॅम कोरडं जेल अचूक वजन करून ठेवा आणि झाकण लावा. सोमवारी वजन घ्या. आत अडकलेल्या हवेतलं पाणी ०.१३ ग्रॅमच्या आसपास, तेवढं वाढणार, ते ठीक. ग्रॅमभर किंवा जास्त वाढलं तर डेसिकेटर गळतोय, वाद नको. आणि वाढलं नसेल तर डेसिकेटर निर्दोष आहे, पाणी तुम्हीच हाताने आत नेताय.

हाताने म्हणजे कसं, तर धुतलेली काच. २५० मिलीचा बीकर धुऊन नुसता झटकून ठेवला तरी त्याच्या अंगावर अर्धा-एक ग्रॅम पाणी सहज असतं, म्हणजे झाकण पाच-सात वेळा उघडल्याइतकं एका बीकरमधून. त्यात ओला फिल्टर पेपर आणि त्यावरचा प्रेसिपिटेट (साका) ठेवला तर कित्येक ग्रॅम. डेसिकेटर वाळवण्यासाठी नसतो, वाळलेलं कोरडं ठेवण्यासाठी असतो, हे कॉलेजच्या प्रॅक्टिकलला सांगतात आणि नोकरीत सगळे विसरतात. आधी ओव्हन, मग डेसिकेटर.

दुसरं म्हणजे फ्रिजमधल्या बाटल्या. रेफरन्स स्टँडर्ड (तुलनेसाठी ठेवलेला प्रमाणित नमुना) ४ डिग्रीवरून काढून लगेच उघडलं की बघता बघता बाटलीला घाम फुटतो. आपल्याकडे पावसाळ्यात दवबिंदू पंचविशीच्या आसपास असतो, त्यामुळे एसी लॅबमध्ये २२ ला बसलेली काचसुद्धा, रात्री एसी बंद करून खिडकी उघडली तर ओली होते. फ्रिजमधली बाटली बंदच आणा, बाहेरून पुसा, डेसिकेटरमध्ये बंद अवस्थेत खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि मग उघडा. जेलपेक्षा स्टँडर्डचं नुकसान जास्त होतं यात.

गरम क्रुसिबलचं (भट्टीत तापवायच्या छोट्या भांड्याचं) उलट असतं. ते लालभडक असताना आत टाकून झाकण लावलं की आतली हवा फुगते, झाकण उचललं जातं, कधी घसरून फुटतं, आणि थंड होताना तेच झाकण आत खेचलं जातं, त्या गडबडीत ग्रीसचा थर सरकतो. मिनिटभर बाहेर थांबा, झाकण सुरुवातीला जरा तिरपं ठेवा. आणि क्रुसिबलचं वजन स्थिर येत नाही म्हणून जेलला दोष देण्याआधी ते किती वेळ थंड केलं ते विचारा, कोमट क्रुसिबल बॅलन्समध्ये ठेवलं की हवेचा प्रवाह वर उठतो आणि वजन कमी दिसतं. अर्धा-पाऊण तास द्या, आणि दरवेळी तेवढाच द्या.

आता रंगाबद्दल, कारण रंग खोटं पण बोलतो. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं, कोरडं निळं, पाणी धरलं की गुलाबी. एकदा कोणी घाईत १८० ला लावून ठेवलं तर हा रंग मरतो, दाणे काळपट राखाडी होतात आणि परत नीट निळे-गुलाबी होत नाहीत. खालचं जेल कदाचित अजून पाणी घेतंय, पण सांगायला कोणी उरलं नाही. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडच्या किंवा अमोनियाच्या वाफा असलेलं काही आत ठेवत असाल तर रंगावर अजिबात जाऊ नका, कोबाल्ट त्यांच्याशी वेगळे रंग देतं. नारिंगी जेल वापरणाऱ्यांनी बघून घ्या की आपलं नारिंगीचं हिरवं होणारं आहे की नारिंगीचं रंगहीन होणारं, दोन्ही मिळतात, आणि हिरवं होणाऱ्यात सेंद्रिय रंग असतो तो जास्त तापवला की जळतो, डब्यावर जे तापमान लिहिलंय त्याच्या वर जाऊ नका.

आणि निळं आहे म्हणजे आत शून्य ह्युमिडिटी आहे असं नाही. रंग बदलायला लागतो तोच २० टक्क्यांच्या आसपास, तोपर्यंत निळंच दिसतं. फार ओलावा ओढणारं सॅम्पल असेल तर ते निळ्या जेलवरही वजन वाढवत राहील, त्याला मॉलिक्युलर सीव्ह किंवा फॉस्फरस पेंटॉक्साइड अशी जास्त जोरात ओल ओढणारी रसायनं लागतात. सीव्ह १२० ला कोरडे होत नाहीत हं, त्यांना २५०-३०० लागतं, एकाच ट्रेमध्ये दोन्ही लावू नका.

जेल मेलंय की नाही हे तपासायचंच असेल तर मिठाचा प्रयोग करा. साध्या मिठाचं संपृक्त द्रावण, तळाला न विरघळलेलं मीठ दिसलं पाहिजे, एका बंद डब्यात ठेवलं की वरच्या हवेत ७५ टक्के आर्द्रता राहते. त्यावर जाळीवर १० ग्रॅम पूर्ण कोरडं जेल ठेवा, वजन वाढायचं थांबेपर्यंत काही दिवस जाऊ द्या. बारीक छिद्रांचं चांगलं जेल अडीच ग्रॅमच्या आसपास किंवा जास्त घेतं. त्याच्या निम्मंही घेत नसेल तर त्याला ओव्हन दाखवून उपयोग नाही. एक मात्र बघा, ते डेसिकेटरचंच जेल आहे ना. कॉलम क्रोमॅटोग्राफीची ६०-१२० मेशची पावडर उरलीय म्हणून डेसिकेटरमध्ये ओतलेली मी पाहिलीय, त्याची छिद्रं मोठी, कमी आर्द्रतेला ती फारसं पाणी धरत नाही, आणि धूळ होते ती वेगळीच.

तपकिरी किंवा पिवळट पडलेलं जेल सरळ बाद करा, त्यात सेंद्रिय वाफा बसून जळल्यात. आणि ज्या डेसिकेटरमध्ये अ‍ॅसिटोनने किंवा ईथरने धुतलेल्या वस्तू ठेवल्या जातात त्याचं जेल थेट ओव्हनमध्ये टाकू नका, अगदी कळकळीने सांगते. जेल पाण्यासारखंच सॉल्व्हंटपण धरतं आणि गरम झाल्यावर एकदम सोडतं, ओव्हनच्या कॉइलजवळ. आधी फ्यूम हूडमध्ये (वाफा बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटात) ट्रेवर पसरून रात्रभर राहू द्या, मग कमी तापमानापासून हळूहळू चढवा. वस्तू ठेवणाऱ्याने डेसिकेटरवर तसं लिहिलं तर पुढच्याचा जीव धोक्यात येत नाही.

मळलंय म्हणून जेल पाण्याने धुणारे लोक आहेत, ते नका करू. कोरड्या दाण्यावर पाणी पडलं की उष्णता निघते आणि दाणे तडतड आवाज करत फुटतात, मग धूळ, आणि तीच धूळ झाकणाच्या काठावर. मायक्रोवेव्हचं कोणी विचारतंच, तर तापमान कळत नाही, मध्येच एखादा भाग भयंकर तापतो, दाणे फुटतात, मी करत नाही. आणि खाण्याच्या मायक्रोवेव्हमध्ये तर कोबाल्टवालं जेल अजिबात नाही. कोबाल्ट क्लोराइड युरोपात २००८ पासून अतिचिंतेच्या रसायनांच्या यादीत आहे, श्वासातून गेलं तर कॅन्सरचा धोका धरला जातो. जेल ओतताना ग्लोव्ह्ज आणि मास्क, ओतायचं हूडमध्ये, आणि खाली सांडलेले दाणे झाडूने उडवत लोटायचे नाहीत, ओल्या कपड्याने उचलायचे. कोबाल्ट कमी हवं असेल तर मुख्य जेल पांढरं घ्या आणि वर मूठभर निळं किंवा नारिंगी ठेवा, वजन बघायची सवय असेल तर तेवढंही पुष्कळ.

बाद झालेलं निळं जेल कचऱ्याच्या बादलीत किंवा सिंकमध्ये जात नाही. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे ते वेगळ्या, लेबल लावलेल्या बंद ड्रममध्ये साठवा आणि तुमच्या कंपनीच्या ईएचएसवाल्यांकडे (पर्यावरण, आरोग्य, सुरक्षा विभाग) द्या, या पट्ट्यातला तसला माल तळोज्याच्या सामायिक केंद्रात जातो. कॉलेजमध्ये ईएचएस वगैरे नसतं, तिथे निदान विभागप्रमुखांच्या कानावर घालून एकाच बरणीत साठवत जा आणि बरणीवर कोबाल्ट असं मोठ्या अक्षरात लिहा.

तुमच्याकडे या सगळ्यातून जाऊनही जेल टिकत नसेल तर विचारताना चार गोष्टी सांगा, जेलचं कोरडं वजन, दोन दिवसांनंतरचं वजन, डेसिकेटरचा आकार, आणि आत काय काय ठेवता. नुसतं "गुलाबी होतंय" म्हटलं तर मीही अंदाजच बांधणार.